नाट्यवेशातील चामडी वस्तूंवरील सोनेरी मुलामा : द्रव्ये, प्रक्रिया आणि टिकाऊपणा
(अहिल्यानगर जिल्ह्यातील हौशी व महाविद्यालयीन रंगभूमीच्या संदर्भात)

सारांश :
ऐतिहासिक व पौराणिक नाट्यप्रयोगांत कमरपट्टा, मनगटपट्टा, खांदेपट्टी, तलवारीचे म्यान, ढाल इत्यादी चामडी वस्तूंना सोन्याची झळाळी देण्याची गरज वारंवार भासते. मर्यादित निधीत काम करणाऱ्या नाट्यसंघांत यासाठी बहुधा पितळी पावडरीचा वापर केला जातो. असा मुलामा अल्पावधीत हिरवट पडतो, त्याला भेगा जातात व चामडेही खराब होते. यामागील कारणे रसायनशास्त्रीय तशीच यांत्रिक आहेत. प्रस्तुत लेखात ही कारणे स्पष्ट करून, जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळणाऱ्या साहित्यातून टिकाऊ सोनेरी मुलामा कसा साधता येईल, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : चामडे, सोनेरी मुलामा, बेगड, पितळी पावडर, अभ्रकी रंगद्रव्य, नाट्यवेश.

१. प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला इतिहासाची आणि रंगभूमीची अशी दुहेरी परंपरा लाभली आहे. निजामशाहीची राजधानी, १५९५-९६ मध्ये चांदबिबीने लढविलेला भुईकोट किल्ला आणि ३१ मे १७२५ रोजी पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म झालेले जामखेड तालुक्यातील चौंडी ही या इतिहासाची ठळक स्थाने होत. अहिल्यादेवींच्याच नावाने २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर झाले. दुसऱ्या बाजूला राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्र, एकांकिका स्पर्धा, विद्यापीठीय युवक महोत्सव आणि संगमनेर परिसराशी जोडलेली तमाशाची समृद्ध परंपरा आहे. वगनाट्यांतील भूमिका गाजविलेल्या कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांची कर्मभूमी संगमनेर हीच होती. अशा जिल्ह्यात राजा, सरदार आणि शिलेदार रंगमंचावर वरचेवर अवतरतात आणि त्यांच्यासोबत सोनेरी पट्टे, म्याने व ढालीही येतात, हे स्वाभाविकच होय.

प्रस्तुत विषयाकडे लेखकाचे लक्ष एका साध्या प्रसंगाने वेधले गेले. महाविद्यालयीन एकांकिकेसाठी विद्यार्थ्यांनी चामड्याचे मनगटपट्टे तयार करून त्यांवर पांढऱ्या गोंदात कालवलेली सोनेरी पावडर लावली होती. पहिल्या प्रयोगाला ते पट्टे अप्रतिम दिसले. सुमारे तीन आठवड्यांनी दुसऱ्या प्रयोगासाठी पेटी उघडली तेव्हा पट्ट्यांच्या कडा हिरवट झालेल्या होत्या, वळणावरचा रंग खपल्या धरून निघत होता, आणि प्रयोगानंतर ते घालणाऱ्या विद्यार्थिनीच्या मनगटावर हिरवा डाग उमटला होता. चामड्याचा खर्च वाया गेला. त्याहून अधिक म्हणजे विद्यार्थ्यांची पंधरा दिवसांची मेहनत वाया गेली. "पावडर हलकी निघाली" असा निष्कर्ष सर्वांनी काढला. तथापि तो निष्कर्ष चुकीचा होता. पावडर तिच्या जातीची चांगलीच होती; ती ज्या जमिनीवर आणि ज्या माध्यमात लावली गेली, तेथे तिचे असे होणे अटळ होते.

२. बेगड, वर्ख आणि मुलामा : परंपरेचा मागोवा

सोने नसताना सोन्याचा आभास निर्माण करण्याची कला आपल्याकडे जुनी आहे आणि तिची साक्ष भाषेतच सापडते. वर्ख म्हणजे ठोकून अतिशय पातळ केलेला धातूचा पत्रा. मुलामा म्हणजे हलक्या वस्तूवर चढविलेला मौल्यवान धातूचा थर. तर बेगड म्हणजे कथलासारख्या स्वस्त धातूचा पातळ, चकचकीत, रंगविलेला पत्रा. मखरे, बाशिंगे, ताबूत व सोंगांचे साज यांवर बेगड चिकटविली जात असे. 'बेगडी' हे विशेषण पुढे खोटेपणाचे वाचक झाले, यावरून बेगडीचा वापर किती सर्वत्र होता याची कल्पना येते.

चामड्यावर सोने चढविण्याची परंपराही स्वतंत्रपणे अस्तित्वात होती. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याच्या ढालींवर रोगणाचे थर देऊन त्यांवर सोनेरी नक्षी काढली जात असे. इस्लामी ग्रंथपरंपरेत चामडी बांधणीवर सोन्याचे ठसे उमटविण्याची पद्धत होती व ती दख्खनमध्येही पोहोचली. महाराष्ट्रात घोड्याचे जीन बनविणारे जीनगर कारागीर चामडे, कापड व धातू या तिन्ही माध्यमांत काम करीत.

युरोपातील एक उदाहरण येथे विशेष उद्बोधक ठरते. स्पेनमधील कोर्दोबा येथे आणि पुढे नेदरलँड्समध्ये भिंतींना लावण्याचे सोनेरी चामडे मोठ्या प्रमाणावर तयार होत असे. या चामड्यावर प्रत्यक्षात सोने नसे. चामड्यावर चांदीचा वर्ख चिकटवून त्यावर पिवळसर तपकिरी रोगण दिले जाई. चांदीची चमक आणि रोगणाचा पिवळेपणा यांच्या संयोगातून डोळ्यांना सोने दिसे. आज लग्नपत्रिकेवर जी सोनेरी अक्षरे उमटवली जातात, त्या फॉईलमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर आणि त्यावर पिवळ्या लॅकरचे आवरण असते. म्हणजेच धातूने चमक द्यावी व पारदर्शक रंगाने वर्ण द्यावा, ही युक्ती शतकानुशतके टिकून आहे.

३. सोने सोनेरी का दिसते?

पिवळा रंग आणि सोनेरी रंग यांतील भेद समजल्याशिवाय पुढील प्रक्रिया समजणार नाही. पिवळ्या रंगाने रंगविलेल्या वस्तूवर प्रकाश पडला असता तिचा पृष्ठभाग पिवळा दिसतो. परंतु त्यावरील चकाकीचा ठिपका मात्र पांढराच असतो. सोने निळा प्रकाश शोषून घेते आणि पिवळा-तांबडा प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित करते. त्यामुळे सोन्यावरील चकाकीच पिवळी असते. शिवाय धातूचा पृष्ठभाग प्रकाशाच्या दिशेने लखलखतो व दिशा बदलताच काळवंडतो. गडद आणि उजळ यांचा हा झपाट्याने होणारा पालट म्हणजेच 'धातूपणा' होय.

१९१८ मध्ये नगर येथे जन्मलेले अभिनेते शाहू मोडक यांनी 'श्यामसुंदर' (१९३२) या चित्रपटात कृष्णाची भूमिका केली. कृष्णधवल पडद्यावर पिवळा वर्ण दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळच्या चित्रपटांतील देवादिकांचे अलंकार प्रेक्षकांना सोन्याचे वाटत, ते केवळ उजळ-गडद यांच्या खेळामुळे. रंगमंचावर काम करणाऱ्यांनी यातून एक बोध घ्यावा. सपाट, सर्वत्र सारखा लावलेला सोनेरी रंग दूरच्या प्रेक्षकाला पिवळ्या पुठ्ठ्यासारखा दिसतो; खोलगट भागांत गडद छाया आणि उंचवट्यांवर झळाळी असेल तरच वस्तू धातूची भासते.

४. चामडे : रंगाखालची जमीन

चित्रकार ज्याला 'जमीन' म्हणतो ती येथे चामडे हीच असते. चामडे म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे होय. कातडे कमावण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. बाभळीची साल, हिरडा इत्यादींतील टॅनिनने कमावलेले चामडे तपकिरी, काहीसे ताठ व पाणी शोषणारे असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे होय. सदर चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे. हे चामडे पाण्यात भिजवून साच्यावर दाबले व सावलीत वाळविले असता घेतलेला आकार धरून ठेवते. म्हणून मनगटपट्टे, खांदेपट्ट्या व ढाली यांसाठी तेच योग्य. क्रोमियम क्षारांनी कमावलेले चामडे मऊ व लवचीक असते. ते पट्ट्या, बंद व अस्तर यांना उपयोगी पडते, परंतु साच्यावरचा आकार धरत नाही.

वनस्पती-टॅनिनने कमावलेल्या चामड्याबाबत दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. पहिली, ते लोखंडी भांड्यात भिजवू नये व ओले असताना लोखंडी चिमटे-खिळे लावू नयेत. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने काळे डाग पडतात व ते जात नाहीत. दुसरी, ओल्या अवस्थेत या चामड्याचे तंतू साधारणपणे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसू लागतात. म्हणून ते चुलीजवळ, शेगडीवर अथवा गरम इस्त्रीने वाळवू नये.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार चामड्यावर कारखान्यातच रेझिन, रंग व मेण यांचा थर दिलेला असतो. त्यावर लावलेला रंग चामड्यापर्यंत पोहोचतच नाही. तो मेणावर बसतो आणि सालीसारखा सुटून येतो. याशिवाय चामड्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. ही चरबी पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

५. सोनेरी द्रव्ये आणि त्यांचा स्वभाव

अ) खरा सोन्याचा वर्ख : याची जाडी सुमारे ०.१ मायक्रॉन असते. म्हणजे एकावर एक दहा हजार वर्ख ठेवावेत तेव्हा कोठे एक मिलिमीटर जाडी होते. सोने हवेत वा घामात काळवंडत नाही. परंतु खर्चाच्या दृष्टीने हौशी रंगभूमीवर याचा विचार करता येत नाही.

आ) पितळी पावडर : रंगाच्या दुकानांत 'सोनेरी पावडर' किंवा 'ब्राँझ पावडर' या नावाने मिळणारे द्रव्य म्हणजे तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे सूक्ष्म चपटे कण होत. तांब्याचे प्रमाण साधारणतः ७० ते ९० टक्के असते. तांबे अधिक असल्यास लालसर आणि जस्त अधिक असल्यास हिरवट पिवळी छटा येते. हे कण रंगाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांप्रमाणे पसरतात, म्हणून पहिल्या दिवशीची झळाळी अन्य कोणत्याही स्वस्त द्रव्याला येत नाही. या पावडरीचे आकर्षण नेमके येथेच आहे.

तिचा दोष समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. स्वयंपाकघरात डोकावणे पुरेसे आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या स्त्रीला ठाऊक असते. ताकातील आम्ल पितळेतील तांब्यावर क्रिया करते व तांब्याचे क्षार तयार होतात. चामड्यावर हेच घडते. चामड्यात मुरवलेल्या तेल-चरबीतून मुक्त होणारी मेदाम्ले तांब्याशी संयोग पावून हिरव्या रंगाचे, मेणासारखे 'ताम्रसाबण' तयार करतात. जुन्या चामडी पट्ट्यावरील पितळी बक्कलाच्या किंवा रिव्हेटच्या भोवती जो हिरवा चिकट थर साचतो, तो हाच. चामडी पट्टीवर शिवलेल्या घुंगरांच्या मुळाशीही तो दिसतो. बक्कलाचा पृष्ठभाग मोठा व घन असल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. पावडरीचा प्रत्येक कण मात्र इतका पातळ असतो की थोड्याच काळात त्याचे रूप पूर्णतः पालटते.

यात माध्यमाचीही भर पडते. पांढरा गोंद (पॉलिव्हिनाइल ॲसिटेट) किंचित आम्लधर्मी असतो, तर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक माध्यमांत अनेकदा अमोनिया असतो. आणि अमोनिया तांब्याचा जुना वैरी आहे. कलावंताच्या घामातील क्षार व लॅक्टिक आम्ल बाहेरून काम करतात. अशा रीतीने खालून चरबी, मधून गोंद आणि वरून घाम असा तिहेरी हल्ला पितळी पावडरीवर होतो. प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या मनगटपट्ट्यांचे रहस्य हे एवढेच होते.

इ) पितळी वर्ख : पितळ ठोकून केलेली ही पाने नक्षीच्या मोजक्या जागी सुंदर दिसतात. परंतु धातू तोच असल्याने, खालून-वरून पारदर्शक रोगणाचे कवच दिल्याशिवाय तीही काळवंडतात.

ई) अभ्रकी रंगद्रव्य : अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड व आयर्न ऑक्साइड यांचा अतिसूक्ष्म थर देऊन हे द्रव्य तयार करतात. साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात, त्याच तत्त्वाने थराच्या जाडीनुसार त्यातून सोनेरी परावर्तन मिळते. सध्या मिळणाऱ्या अनेक सोनेरी ॲक्रिलिक रंगांत हेच द्रव्य असते. त्यात धातू नसल्याने ते कळकत नाही, घामाने हिरवे पडत नाही आणि पाण्यातील माध्यमातही स्थिर राहते. त्याची मर्यादा एकच आहे. ते अर्धपारदर्शक असल्याने खालची जमीन त्यातून दिसते. फिकट चामड्यावर थेट लावल्यास ते मलूल दिसते व "पावडरीसारखी चमक नाही" अशी तक्रार होते. जमिनीचा योग्य रंग हाच यावरील उपाय होय.

उ) फॉईल : पूर्वोक्त लग्नपत्रिकेचे फॉईल योग्य चिकटद्रव्याच्या साहाय्याने चामड्यावर चढविता येते. त्याची चमक आरशासारखी असते. परंतु वारंवार वाकणाऱ्या जागी ते तडकते. म्हणून बुंधे, पदके, ढालीवरील फुल्या अशा न वाकणाऱ्या भागांपुरताच त्याचा उपयोग करावा.

या पाचही प्रकारांचा विचार करता, वारंवार वापरावयाच्या व अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंसाठी अभ्रकी रंगद्रव्य असलेला लवचीक ॲक्रिलिक रंग हा पर्याय सर्वांत श्रेयस्कर ठरतो. पितळी पावडर वापरावयाचीच असेल तर ती एकाच प्रयोगापुरत्या, शरीरापासून दूर राहणाऱ्या वस्तूसाठी वापरावी.

६. भेगांचे गणित

हिरवेपणाचे कारण रासायनिक आहे, तर भेगांचे कारण यांत्रिक आहे. ३ मिलिमीटर जाडीची सपाट पट्टी मनगटाभोवती, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर गुंडाळली, तर तिच्या बाहेरील पृष्ठभागाची लांबी सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. तीच पट्टी पेटीत ठेवताना ५ मिलिमीटर त्रिज्येच्या घडीत दुमडली गेली, तर ही वाढ २० टक्क्यांच्या पुढे जाते. चामड्याचे तंतू एवढा ताण सहज सोसतात. दारे-खिडक्यांना लावण्याचा तेलरंग मात्र तो सोसू शकत नाही. असा तेलरंग वाळल्यानंतरही हवेतील प्राणवायू घेत राहतो आणि वर्षागणिक अधिक ठिसूळ होतो. चपड्याचे रोगणही कठीण व ठिसूळच असते.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, माध्यम लवचीक असावे. चामड्यासाठी बनविलेले ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन माध्यम यासाठी योग्य आहे. दुसरा, रंगाचा एक जाड थर देण्याऐवजी अनेक विरळ थर द्यावेत. जाड थर वाळताना आकसतो आणि त्यात आधीच ताण साचून राहतो. तिसरा नियम बहुधा दुर्लक्षिला जातो. वस्तू ज्या वळणात वापरायची त्या वळणातच ती रंगवावी. मनगटपट्टा बाटलीवर किंवा प्लॅस्टिकच्या नळीवर बांधून रंगविला, तर घालताना रंगावर वेगळा ताण येत नाही.

७. कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

(१) वनस्पती-टॅनिनने कमावलेले चामडे कापून, भोके पाडून व ठसे उमटवून घ्यावे. भिजवून साच्यावर बांधावे आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावे. रंगापूर्वी तेल लावू नये.

(२) स्वच्छ सुती कापडावर ॲसिटोन घेऊन पृष्ठभाग हलक्या हाताने पुसावा. कापडावर रंग किंवा मेण येणे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. गुळगुळीत चामड्यावर बारीक पॉलिशपेपर एकदाच, दाब न देता फिरवावा.

(३) लवचीक ॲक्रिलिक माध्यम पाण्याने पातळ करून त्याचा एक थर द्यावा. हा थर चामड्यात मुरतो व पुढील थरांना पकड देतो.

(४) जमीन म्हणून गडद तपकिरी किंवा गेरूच्या छटेचा ॲक्रिलिक रंग द्यावा. युरोपीय कारागीर सोन्याच्या वर्खाखाली तांबडी माती देत असत, त्यामागे सोन्याला ऊब यावी हाच उद्देश होता. काळ्या जमिनीवर सोनेरी रंग थंड व प्रखर दिसतो, तर गेरूवर उबदार व जुना दिसतो. भूमिकेनुसार निवड करावी.

(५) सोनेरी रंगाचे तीन ते चार विरळ थर मऊ, चपट्या ब्रशने द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा द्यावा. ब्रश एकाच दिशेने फिरवावा, म्हणजे अभ्रकाचे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर बसतात व चमक वाढते.

(६) पातळ केलेला गडद तपकिरी रंग नक्षीवर लावून लगेच ओलसर कापडाने पुसावा. खोलगट भागांत रंग राहतो व उंचवटे मोकळे होतात. त्यानंतर जवळजवळ कोरड्या ब्रशने केवळ उंचवट्यांवर फिकट सोनेरी रंगाचा स्पर्श द्यावा. 'धातूपणा' येतो तो या दोन क्रियांमुळे. त्या वगळू नयेत.

(७) शेवटी चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे दोन विरळ थर द्यावेत. चमकविरहित आवरण वापरल्यास प्रकाश विखुरतो आणि सोने पुन्हा पिवळे होते.

(८) किमान दोन-तीन दिवस वस्तू मोकळ्या हवेत ठेवावी; प्रयोगाच्या आदल्या रात्री रंगकाम करू नये.

८. परीक्षण, प्रकाश आणि जतन

मुख्य वस्तूला हात घालण्यापूर्वी त्याच चामड्याच्या तुकड्यावर नमुना करावा. तो बोटाभोवती वीस वेळा वाकवावा, पांढऱ्या ओल्या कापडाने घासावा आणि चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. या तिन्ही कसोट्यांना नमुना उतरला तरच पुढे जावे. हाच नमुना रंगमंचावरील दिव्यांखालीही पाहावा. जुन्या हॅलोजन दिव्यांचा प्रकाश पिवळसर असल्याने सोन्याला ऊब येई. पांढऱ्या एलईडी प्रकाशात तोच रंग फिका किंवा हिरवट भासू शकतो. अशा वेळी रंग बदलण्याऐवजी दिव्यावर अंबर छटेची जिलेटीन लावणे अधिक सोपे ठरते.

आपला जिल्हा पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात चामडे कोरडे पडते, तर पावसाळ्यात बंद पेटीत त्याला बुरशी धरते. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत गावोगाव फिरणाऱ्या तमाशा फडांच्या वस्तूंना धूळ, दव आणि घाम हे तिन्ही सोसावे लागतात. वापरानंतर वस्तू कोरड्या सुती कापडाने पुसावी, सावलीत वाळवावी व घडी न घालता सुती कापडात गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. तेल द्यावयाचे झाल्यास ते केवळ मागील, न रंगविलेल्या बाजूने व अल्प प्रमाणात द्यावे.

९. आरोग्यविषयक दक्षता

महाविद्यालयांत हे काम विद्यार्थी करतात. म्हणून त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी प्राध्यापकांची आहे. धातूंच्या पावडरी कोरड्या स्वरूपात हाताळताना सूक्ष्म कण श्वासात जातात. तोंडावर योग्य मास्क असल्याशिवाय त्या उघडू नयेत. ॲल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाल्यास पेट घेऊ शकते व पाण्यातील माध्यमात हायड्रोजन वायू सोडू शकते; अशी मिश्रणे बंद बरणीत साठवू नयेत. ॲसिटोन व थिनर ज्वालाग्राही असल्याने त्यांचा वापर खिडक्या उघड्या ठेवून व शेगडीपासून दूर करावा. त्वचेला लागणाऱ्या वस्तूंना मऊ सुती अस्तर लावणे हितावह आहे.

१०. निष्कर्ष

१. चामड्यावरील सोनेरी मुलामा हिरवा पडण्यास पावडरीचा दर्जा कारणीभूत नसून तांबे आणि मेदाम्ले यांचा संयोग कारणीभूत असतो.
२. भेगा टाळण्यासाठी लवचीक माध्यम, विरळ थर आणि वापराच्या वळणातच रंगकाम हे तीन नियम पाळणे आवश्यक आहे.
३. अभ्रकी रंगद्रव्य, गेरूची जमीन आणि चकचकीत आवरण यांच्या संयोगातून अल्प खर्चात टिकाऊ सोनेरी मुलामा साधता येतो.
४. रंगमंचावर धातूचा आभास केवळ सोनेरी रंगातून निर्माण होत नाही. उजळ आणि गडद यांच्या नियोजनाचा त्यात मोठा वाटा असतो.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक वाटतो. उपरोक्त मनगटपट्टे खराब झाल्यानंतर विद्यार्थी ते घेऊन बाजारपेठेतील एका वयोवृद्ध चर्मकार बांधवांकडे गेले. त्यांनी पट्टा हातात घेऊन वास घेतला, अंगठ्याने दाबला आणि "ह्यात तेल लई मुरवलंय, रंग धरणार न्हाई" एवढेच सांगितले. मेदाम्ले, ताम्रसाबण ही परिभाषा त्यांच्याकडे नव्हती. निदान मात्र अचूक होते. आपण त्यांच्याकडे वस्तू बिघडल्यावर गेलो, चामडे निवडताना गेलो नाही, ही खंत प्रस्तुत लेखकास आजही वाटते. महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांनी नाट्यनिर्मितीच्या आरंभीच परिसरातील चर्मकारांना मानधन देऊन मार्गदर्शनासाठी पाचारण करावे आणि रसायनशास्त्र विभागाने त्यांच्या अनुभवाला शास्त्राची जोड द्यावी. तसे झाल्यास विद्यार्थ्यांच्या हाती टिकाऊ वस्तू येतील आणि ज्या हातांनी चामडे ओळखले, त्या हातांचा मान महाविद्यालयाच्या आवारात प्रथमच रीतसर नोंदविला जाईल.